माळावरची हरणं आणि दुष्काळाची तयारी

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची ख्याती हेमाडपंती मंदिरांची. पण आजूबाजूच्या मराठवाडी माळरानांचा जुना रहिवासी आहे काळवीट. पाऊस दगा देतो, ओढे आटतात आणि कळप वस्त्यांकडे सरकतात. मग कुणी कठडा नसलेल्या विहिरीत पडतं, कुणाला कुत्री गाठतात. पाण्यावर आलेलं जनावर चोरट्या शिकाऱ्यालाही सोपं सापडतं.

ही शिकार एकेकाळी उघडपणे चाले: कोल्हापूर संस्थानात चित्ते सोडून काळविटांची शिकार व्हायची.

आता शिकारीचा हंगाम कायद्याने उरलेला नाही. १९७२ च्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या भीषण दुष्काळाच्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार काळविटाच्या शिकारीला किमान ३ वर्षं कैद आहे. पण तहानेपुढे कायदा पुरत नाही; उन्हाळ्याची खरी तयारी पाणवठ्यांची: बशीसारखा उथळ, उतरत्या काठाचा सिमेंटचा हौद, टँकरने भरलेला. खोल टाकीत पाडस अडकतं. आणि हौद मार्चमध्येच भरायला हवा. मेपर्यंत कळप रान सोडून गेलेले असतात.