राज्यगीत, राष्ट्रगीत आणि वर्गाबाहेरची पायरी
वेरूळ 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राज्यात होते. शाळेत म्हणायचे ते निजामाला आयुष्य मागणारे राज्यगीत. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाने 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. 24 जानेवारी 1950 रोजी संविधान सभेत 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले. त्यातला सिंध फाळणीत गेला, शब्द मात्र राहिला. गीतावरून राज्य कुणाचे ते कळते. उभे कुणी कुठे राहायचे, ते गीतात नसते. माझे आजोबा निजामाचे गीत वर्गाबाहेरच्या पायरीवरून ऐकत. आत बसायला मनाई. राष्ट्रगीत आले तेव्हा त्यांची शाळा सुटलेली होती. ते त्यांना मी शिकवले, दुसरीत असताना.