दिवा थांबवण्याचा खेळ, इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला धडा

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. शेतीवर अवलंबून असलेल्या या जिल्ह्याचा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समावेश झाला. शिक्षण हा या कार्यक्रमाचा एक प्रमुख निकष आहे. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना हाताने प्रयोग करता यावेत, यासाठी केंद्र सरकारने शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. परंतु देशातील १४ लाखांहून अधिक शाळांपैकी सुमारे १० हजार शाळांनाच त्या लाभल्या आहेत. मग उरलेल्या शाळांतील, रिसोड वा मानोऱ्याच्या एखाद्या गावातील मुलाने सुरुवात कशी करावी? त्याचे एक सोपे उत्तर ब्रेडबोर्डवर आहे.

ब्रेडबोर्ड म्हणजे छिद्रांची प्लास्टिकची पट्टी. आतील पत्र्यांमुळे पाच-पाच छिद्रे परस्परांशी जोडलेली असतात. त्यामुळे डाग न देता, केवळ तारा खोचून मंडल तयार होते आणि चुकल्यास क्षणात मोडताही येते.

या खेळासाठी ५५५ आणि ४०१७ या क्रमांकांच्या दोन आयसी, दहा एलईडी, एक बटण, काही रोधक, एक धारित्र आणि चार पेन्सिल सेल लागतात. १९७१ मध्ये हान्स कॅमेन्झिंड यांनी रचलेली ५५५ आयसी ठरावीक अंतराने विद्युतस्पंद देते. १० व ६८ किलोओहमचे रोधक आणि १ मायक्रोफॅरडचे धारित्र वापरल्यास सेकंदाला सुमारे दहा स्पंद मिळतात. ४०१७ ते मोजते आणि प्रत्येक स्पंदासरशी पुढचा दिवा लावते. दिवे धावत असल्याचा भास होतो तो यामुळेच. ४०१७ ची १३ क्रमांकाची पिन १० किलोओहमच्या रोधकाने ऋण टोकाला जोडावी. बटण दाबताच ती धन टोकाला जोडली जाते आणि मोजणी थांबते. मधला हिरवा दिवा लागलेला असताना थांबवेल, तो जिंकला.

खरी गंमत पुढेच आहे. एक दिवा सेकंदाचा दहावा भागच पेटतो. डोळ्यांनी पाहून बोट हलायला मात्र साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे हिरवा दिवा पाहून बटण दाबणारा दोन-तीन दिवे मागेच राहतो. जिंकायचे तर अंदाज बांधावा लागतो. शरीराच्या प्रतिसादकाळाचे मापन असे खेळताखेळता घडते.

दिवे लागले नाहीत तर निराश होण्याचे कारण नाही. एलईडीचा लांब पाय धन बाजूस आहे का, आयसीची खाच योग्य दिशेला आहे का, कडेच्या वीजपट्ट्या मध्येच तुटलेल्या आहेत का, हे क्रमाने तपासावे. दोष शोधण्याची ही शिस्त पुढे शेतातील पंपापासून संगणकापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. महागडी प्रयोगशाळा नसली तरी ती अंगी बाणवता येते.