बॅकगॅमनमध्ये कम्प्युटर फाशांची चीटिंग करतो का?

मोबाइलवर बॅकगॅमन शिकायला घेतलं की चार-पाच डाव हरल्यावर प्रत्येकाला एक शंका येतेच. कम्प्युटरला हवा तोच फासा नेमका कसा पडतो? बरेच जण इथेच ॲप काढून टाकतात आणि एका मस्त गेमला मुकतात.

आधी गेम थोडक्यात. प्रत्येकाकडे 15 सोंगट्या, पटावर 24 त्रिकोणी घरं आणि दोन फासे. सगळ्या सोंगट्या आपल्या शेवटच्या 6 घरांत आणायच्या आणि मग पटाबाहेर काढायच्या. एखाद्या घरात सोंगटी एकटी असेल तर समोरचा ती मारू शकतो. मग तिला पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. सारीपाट खेळला असाल तर हे लगेच कळेल.

आता फाशांचं गणित बघा. दोन फाशांची एकूण 36 दानं होतात. तुमची एकटी सोंगटी समोरच्यापासून 6 घरं लांब असेल आणि मध्ये काही अडसर नसेल, तर ती 17 दानांत मरते. कारण नुसत्या सहावरच नाही, तर 5-1, 4-2, 3-3 आणि 2-2 वरही ती सापडते. तीच सोंगटी 7 घरं लांब ठेवली की फक्त 6 दानं उरतात, कारण आता एका फाशाने काम भागत नाही. एका घराचा फरक, पण धोका जवळपास तिप्पट! नवखा खेळाडू हे बघत नाही, कम्प्युटर दर चालीला बघतो. त्यामुळे त्याला 'लकी' दानं जास्त पडतात असं वाटतं. खरं तर त्याने मांडणीच अशी केलेली असते की बरीचशी दानं त्याच्या कामाची ठरतात.

जगातल्या प्रत्येक ॲपची हमी कुणी देणार नाही म्हणा. पण जीएनयू बॅकगॅमन हा फुकट प्रोग्राम लॅपटॉपवर टाकलात तर त्यात मॅन्युअल फाशांची सोय आहे. घरातले खरे फासे टाका आणि आकडे स्वतः भरा. तरीही बहुतेक वेळा तोच जिंकेल.

हे प्रोग्राम इतके तयार कसे झाले? 1992 च्या सुमारास आयबीएममध्ये जेराल्ड टेसाउरो यांनी टीडी-गॅमन बनवला. तो न्यूरल नेटवर्कवर चालायचा आणि स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला. पुढे तर माणसंच त्याच्याकडून शिकली! सुरुवातीला 2-1 पडलं की बरेच चांगले खेळाडू एक सोंगटी मुद्दाम एकटी सोडून धोका पत्करायचे. टीडी-गॅमनने वेगळी, कमी धोक्याची चाल पसंत केली आणि तज्ज्ञांनीही ती उचलली.

म्हणून माझं मत असं की कम्प्युटरला हरवायला जाऊ नका, त्याला मास्तर करा. जीएनयू बॅकगॅमनमध्ये ट्यूटर मोड आहे. चाल चुकीची असेल तर तो तिथल्या तिथे टोकतो आणि चांगली चाल दाखवतो. डाव संपला की ॲनालिसिस चालवा आणि सगळ्यात मोठ्या दोन-तीन चुकाच बघा. जिंकलेल्या डावातही भयंकर चुका सापडतात, आणि हरलेला डाव कधीकधी जवळपास निर्दोष निघतो. दिवसाला दहा डाव हाणण्यापेक्षा एक डाव असा तपासलेला बरा.

डबलिंग क्यूब सुरुवातीला बंद ठेवा. नंतर चालू केलात की एवढं धरून चाला: समोरच्याने डाव दुप्पट केला आणि तुमची जिंकायची शक्यता 25 टक्के असेल, तर नाही म्हणणं आणि हो म्हणणं सारखंच पडतं. चार वेळा सोडलात तर 4 गुण जातात. चारही वेळा घेतलात तर तीनदा हरून 6 जातात आणि एकदा जिंकून 2 येतात, म्हणजे तेच 4. शक्यता त्याहून जास्त असेल तर बिनधास्त घ्या, फक्त दुप्पट गुणांनी, म्हणजे 'गॅमन'ने, हरायची भीती असेल तेव्हा जरा हात आखडता ठेवा.