अंगणातील पाटी आणि निवडणुकीतील समान संधी

अमेरिकेतील निवडणुकांचा विषय निघाला म्हणजे अध्यक्षपदाची लढत, दूरचित्रवाणीवरील वादसभा आणि कोट्यवधी डॉलरचा खर्च एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः त्या देशातील लोकशाहीचा फार मोठा भाग लहान लहान शहरांत, नगर परिषदांच्या आणि शाळा मंडळांच्या निवडणुकांतून चालतो. तेथे कित्येकदा थोड्याशा मतांनी निकाल फिरतो, आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरात तेथील उमेदवाराला परवडतही नाही व उपयोगीही पडत नाही. त्याच्या प्रचाराचे नेहमीचे साधन म्हणजे घरापुढील हिरवळीवर रोवलेली पाटी. पन्हळी प्लॅस्टिकचा दीड फूट उंच व दोन फूट रुंद तुकडा, त्याखाली तारेचे दोन पाय, वर उमेदवाराचे आणि पदाचे नाव. एवढाच तिचा थाट. परंतु ही पाटी कोणी, कोठे, किती मोठी आणि किती दिवस लावावी, या प्रश्नांत निवडणुकीतील न्यायाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही त्यात एकाहून अधिक वेळा लक्ष घालावे लागले आहे.

केवळ नावाला एवढे महत्त्व का यावे, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडेल. आपल्याकडे मतपत्रिकेवर निवडणूक चिन्ह असते. अमेरिकेतील असंख्य नगरांच्या निवडणुका मात्र पक्षविरहित असतात. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते आणि चिन्हही नसते. मतदान थोडे होते, आणि मतदार अनेकदा उमेदवारांपैकी कोणालाच ओळखत नाही. अशा वेळी कोठे तरी वाचलेले नाव त्यातल्या त्यात विश्वासाचे वाटू लागते. सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमाइस्टर या दोन प्राध्यापिकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका शाळेच्या वाटेवरील अंगणात अस्तित्वातच नसलेल्या एका उमेदवाराच्या पाट्या लावून पाहिल्या. त्या वाटेने जाणाऱ्या पालकांत या काल्पनिक माणसाला पसंती देणारे अधिक निघाले. डोनाल्ड ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार निवडणुकांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पाट्यांमुळे मतांत सरासरी १.७ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, असा त्यांचा अंदाज आहे. राष्ट्रीय राजकारणात हा आकडा किरकोळ भासेल. परंतु हजार मतांमागे सतरा मते म्हणजे लहान गावात कित्येकदा जय आणि पराजय यांमधील अंतर होय.

नियम करणारेच उमेदवार

येथेच खरी अडचण सुरू होते. पाट्यांविषयीचे नियम नगर परिषद करते, आणि परिषदेतील सभासद पुढील निवडणुकीत स्वतः उमेदवार असतात. पदावरील सभासदाचे नाव गावाला माहीत असते. ते स्थानिक वृत्तपत्रात येते, सभेच्या इतिवृत्तात येते, नव्या इमारतीच्या कोनशिलेवरही कोरले जाते. नव्या उमेदवाराला मात्र आपले नाव प्रथम ऐकवावे लागते. म्हणून ‘निवडणुकीपूर्वी दोन आठवडेच पाटी लावावी’ किंवा ‘एका घरापुढे एकच पाटी असावी’ यांसारखा नियम शब्दांत सर्वांना सारखा असला, तरी परिणामात सारखा राहत नाही. ज्याला पाटीची गरज नाही त्याचे त्यात काहीच जात नाही; ज्याच्यापाशी दुसरे साधन नाही त्याचे सर्वस्व जाते.

याचा अर्थ प्रत्येक नियमामागे कपटच असते असा नव्हे. वळणावरील पाटीमुळे समोरून येणारी मोटार दिसत नाही, निवडणूक संपल्यावर पाट्यांचा कचरा रस्त्यात पडून राहतो, शेजाऱ्यांना वस्तीचे रूप बिघडलेले आवडत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच की, या खऱ्या तक्रारींच्या आधाराने किती दूर जाता येते?

न्यायालयाने आखलेल्या रेषा

या प्रश्नाचे उत्तर तीन निवाड्यांतून क्रमाने स्पष्ट होत गेले. पहिला निवाडा १९८४ सालचा. लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेसाठी उभ्या असलेल्या रोलंड व्हिन्सेंट यांच्या समर्थकांनी १९७९ साली विजेच्या व दूरध्वनीच्या खांबांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या होत्या. नगराच्या नोकरांनी त्या उतरवल्या. एकाच आठवड्यात त्यांनी सार्वजनिक मालमत्तेवरील १,२०७ पाट्या काढल्या, आणि त्यांत व्हिन्सेंट यांच्या ४८ होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने नगराची बाजू उचलून धरली. सार्वजनिक मालमत्तेवरील बंदी सर्वांवर सारखीच लागू असेल तर तीत गैर नाही, हे त्यातून ठरले.

दुसरा निवाडा घराच्या उंबरठ्याच्या आतील आहे. मिसुरी राज्यातील सेंट लुई शहराच्या उपनगरांत लेड्यू नावाचे एक सधन नगर आहे. डिसेंबर १९९० मध्ये तेथील रहिवासी मार्गारेट गिलिओ यांनी इराणच्या आखातातील संभाव्य युद्धाला विरोध करणारी पाटी अंगणात लावली. ती नाहीशी झाली. दुसरी लावली, ती कोणी पाडली. त्यांनी पोलिसांकडे तक्रार केली, तेव्हा अशा पाट्यांनाच नगरात बंदी असल्याचे त्यांना सांगण्यात आले. पुढे नगराने नवा नियम केला. त्यात घर विक्रीच्या पाटीला सवलत होती, मताच्या पाटीला नव्हती. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा नियम रद्द ठरवला. न्यायालयाची कारणमीमांसा मननीय आहे. घरची पाटी हे स्वस्त साधन आहे. ज्यांच्यापाशी पैसा किंवा वेळ थोडा आहे त्यांना त्याला पर्याय नसतो. शिवाय घरापुढील पाटी केवळ मत सांगत नाही, तर ते मत कोणाचे आहे हेही सांगते. आणि पाट्यांच्या गर्दीची भीती बाळगणाऱ्या नगराला न्यायालयाने असेही सुचवले की, आपल्या मालमत्तेची किंमत टिकवण्याची काळजी घरमालकाला स्वतःलाच असते.

तिसरा निवाडा २०१५ सालचा, ॲरिझोना राज्यातील गिल्बर्ट या नगराच्या बाबतीतला. तेथील नियमानुसार वैचारिक मजकुराची पाटी वीस चौरस फुटांपर्यंत व कितीही दिवस चालत असे. राजकीय पाटीला घरापुढे सोळा चौरस फुटांची आणि निवडणुकीशी बांधलेल्या मुदतीची मर्यादा होती. प्रार्थनासभेची वाट दाखवणाऱ्या पाटीला सहा चौरस फूट आणि सभेपूर्वीचे बारा तास एवढीच मुभा होती. मजकूर वाचून पाट्यांची अशी प्रतवारी लावणे घटनाबाह्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. आकार, जागा, रस्त्यापासूनचे अंतर यांविषयी नियम करता येतील. परंतु पाटीवर काय लिहिले आहे हे पाहून नियम बदलता येणार नाही. अनेक नगरांचे निरुपद्रवी नियमही या कसोटीला उतरणार नाहीत, असा इशारा न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालाशी सहमत होऊनही दिला. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या निवाड्यांचे बंधन शासनावर आहे, खासगी गृहसंस्थांवर नाही. न्यू जर्सी राज्यातील पार्सिपनी येथे खान नावाच्या उमेदवाराने नगर परिषदेच्या निवडणुकीत आपल्याच घराच्या खिडकीत आणि दारात आपल्याच नावाच्या पाट्या लावल्या. गृहसंस्थेने त्या काढावयास लावल्या. घर विक्रीच्या पाटीला मात्र येथेही परवानगी होती! २०१२ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेचा आधार घेऊन खान यांच्या बाजूने निर्णय दिला.

अंमलबजावणीतील न्याय

तथापि नियम निर्दोष असला म्हणजे न्याय झाला असे होत नाही. अमेरिकेतील घरापुढे पदपथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची एक पट्टी असते. ती अंगणासारखी दिसते, घरमालकच तिची निगा राखतो, परंतु ती बहुधा सार्वजनिक हद्दीत मोडते. त्या पट्टीवरील एका उमेदवाराच्या पाट्या नगराच्या नोकरांनी उचलल्या आणि दुसऱ्याच्या तशाच ठेवल्या, तर कोणताही कायदा न बदलता निवडणूक झुकवता येते. पाट्या केव्हा आणि कोठून काढल्या याची नोंद ठेवणे, सर्वांच्या पाट्या एकाच दिवशी काढणे आणि त्या ज्याच्या त्याला परत देणे, हे उपाय साधे आहेत. परंतु नोकराची नेमणूक व बढती ज्यांच्या हाती असते, त्यांच्याविरुद्ध त्याने ते अमलात आणावयाचे असतात, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला यातून काय घेण्यासारखे आहे? मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा येथे १९९५ पासून आहे, आणि बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली नगरपालिकांना व महानगरपालिकांना कडक आदेश दिले. तरीही तालुक्याच्या गावी चौकातील फलक कोणाचा हे पाहिले, की गावात सत्ता कोणाची हे सहसा कळते. लॉस एंजेलिसने खांबांवरील सर्वांच्या पाट्या काढल्या. आपल्याकडे प्रश्न पडतो तो असा की, नगराध्यक्षाच्या वाढदिवसाचा फलक उतरवण्याचे धैर्य कोणत्या मुख्याधिकाऱ्याने आणि कशाच्या बळावर दाखवावे?

घराच्या भिंतीविषयीही दोन्ही देशांची वाट वेगळी आहे. अमेरिकेतील केंद्रीय नोकर १९३९ च्या हॅच कायद्याने पक्षीय राजकारणापासून दूर ठेवला गेला असला, तरी स्वतःच्या अंगणात पाटी लावण्यास तो मोकळा आहे. भारताच्या केंद्रीय नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार मात्र घरावर, वाहनावर किंवा अंगावर निवडणूक चिन्ह लावणे म्हणजे निवडणुकीत वजन खर्च करणेच होय. आपल्याकडे कार्यालयातील खुर्चीचा धाक घरापर्यंत पोहोचतो हे लक्षात घेतले, तर हा नियम अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही उघड आहे. नोकराच्या भिंतीने मौन पाळावयाचे असेल, तर सत्ताधाऱ्याच्या ताब्यातील चौकानेही ते पाळले पाहिजे. सामान्य नागरिकाची भिंत मोकळी आणि सार्वजनिक जागा सर्वांना सारखीच बंद, हा लहान गावातील निवडणुकीचा किमान न्याय आहे. ज्याच्यापाशी एका पाटीपुरतेच पैसे आहेत आणि ती लावू देणारे चार शेजारी आहेत, अशा उमेदवारालाही त्या गावात उभे राहता आले पाहिजे.