ट्रॅक्टरची सीट चालकाच्या मापाने बसवा

नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, फवारणी आणि मालवाहतूक अशी बरीचशी कष्टाची कामे आता ट्रॅक्टरने होतात. ट्रॅक्टर विकत घेताना शेतकरी बंधू अश्वशक्ती, डिझेलचा खप आणि सुट्या भागांची उपलब्धता यांची बारकाईने चौकशी करतात. सीट मात्र कारखान्यातून जशी आली तशीच वर्षानुवर्षे राहते. हंगामात त्याच सीटवर चालक दिवसाचे ८ ते १० तास काढतो. त्याची कंबर भरून येते, मान अवघडते, पायाला मुंग्या येतात आणि 'ट्रॅक्टर म्हटला की हे चालायचेच' असे समजून दुखणे अंगावर काढले जाते. यातील बराचसा त्रास सीट नीट बसवून कमी करता येतो. त्यासाठी एक पाना, एक टेप आणि अर्धा तास वेळ पुरेसा आहे.

हादरे मणक्यापर्यंत कसे पोचतात?

मोटारीच्या चाकांना स्प्रिंगा असतात. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरच्या चाकांना त्या नसतात. ढेकळे, सऱ्या व बांध यांवरून जाताना बसणारा धक्का टायर थोडाफार झेलतात आणि बाकीचा सरळ वर येतो. टायरवर ट्रॅक्टर साधारणपणे सेकंदाला २ ते ५ वेळा वरखाली होतो. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला ४ ते ८ वेळा येणारे हादरे सर्वांत जास्त बाधतात. म्हणजे ट्रॅक्टरचे हादरे नेमके शरीराला न मानवणाऱ्या पट्ट्याला जाऊन भिडतात. त्यांना अडविणारी शेवटची वस्तू म्हणजे सीटखालची स्प्रिंग.

युरोपीय संघाने सन २००२ मध्ये कामगारांच्या शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांबाबत नियम केला. त्यानुसार ८ तासांच्या कामात सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीपुढे उपाय योजावे लागतात आणि १.१५ ही कमाल मर्यादा आहे. या हिशेबातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हादरा ०.५ असेल तर उपाय योजण्याची पातळी ८ तासांनी येते, तोच १.० असेल तर अवघ्या २ तासांनी येते. हादरा निम्मा केला की काम करण्याचा सुरक्षित वेळ चौपट होतो. म्हणून सीटमधील छोटी सुधारणाही मोठा फायदा देते.

एकच माप सर्वांना चालत नाही

भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकाराने देशभरातील शेतकामगारांची शरीरमापे घेण्यात आली व ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार पुरुष शेतकामगाराची सरासरी उंची सुमारे १६३ सें.मी. आहे. परंतु सरासरी माणूस प्रत्यक्ष सीटवर बसत नाही. एकाच घरात वडील १५५ सें.मी. उंचीचे व ५५ किलो वजनाचे, तर मुलगा १७५ सें.मी. उंचीचा व ८० किलो वजनाचा असू शकतो. एकाला योग्य बसविलेली सीट दुसऱ्याला अयोग्य ठरते.

सीट बसविण्यापूर्वी

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा, अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून हँडब्रेक लावावा. सीटखालची माती, वाळलेले गवत व पक्षी-उंदरांची घरटी काढून टाकावीत. सरकपट्टी व सांधे साफ करून त्यांना ग्रीस लावावे. स्प्रिंग तुटलेली नाही आणि शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत नाही याची खात्री करावी. त्यानंतर पुढील क्रमाने काम करावे.

१) वजनाचा मेळ : हे सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत दुर्लक्षित काम आहे. बऱ्याच ट्रॅक्टरच्या सीटखाली किंवा मागे एक मूठ अथवा नॉब असतो व शेजारी किलोचे आकडे असतात. चालकाच्या वजनाप्रमाणे तो फिरवावा. मात्र जुन्या सीटची स्प्रिंग सैल झालेली असल्याने केवळ आकड्यावर विसंबू नये, टेपने तपासावे. रिकाम्या सीटची उंची फूटबोर्डपासून मोजावी. नंतर सीट पूर्ण दाबली असता किती खाली जाते ते मोजावे. चालक नेहमीसारखा बसल्यावर सीट या दोन्हींच्या मध्यावर आली पाहिजे. उदाहरणार्थ, रिकामी सीट ४८ सें.मी. व पूर्ण दाबलेली ३८ सें.मी. असेल तर चालक बसल्यावर ती ४३ सें.मी.च्या आसपास असावी.

स्प्रिंग फार सैल असेल तर खड्ड्यात सीट तळाला आपटते आणि तो धक्का थेट मणक्यात जातो. फार ताठ असेल तर स्प्रिंग हलतच नाही आणि चालक वर उडतो. दोन्ही प्रकारांत सीटला स्प्रिंग असून नसल्यासारखीच होते.

२) उंची : तळपाय फूटबोर्डवर सपाट टेकलेले असावेत आणि मांड्या जवळजवळ आडव्या असाव्यात. सीटची पुढची कड मांडीखाली रुतत असेल तर पायाला मुंग्या येतात. अशा वेळी सीट खाली घ्यावी. गुडघे कमरेपेक्षा बरेच वर येत असतील तर सीट वर घ्यावी. अनेक ट्रॅक्टरमध्ये उंचीसाठी नटबोल्टची निरनिराळी छिद्रे असतात.

३) पुढे-मागे सरकविणे : पाठ मागे टेकवून क्लच पूर्ण दाबावा. त्या वेळी गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. क्लच तळाला नेण्यासाठी कंबर सरकवावी लागत असेल किंवा पायाची बोटे ताणावी लागत असतील तर सीट फार मागे आहे. गुडघा स्टिअरिंगला घासत असेल तर ती फार पुढे आहे. ब्रेकचीही अशीच खात्री करावी. सीट चुकीच्या अंतरावर असली की चालक नकळत क्लचवर पाय ठेवून बसतो. त्यामुळे क्लच प्लेट व बेअरिंग लवकर झिजतात. म्हणजे सीटची हयगय खिशालाही महागात पडते.

४) पाठीचा आधार : कमरेच्या वर जो नैसर्गिक खळगा असतो, तेथे आधार मिळाला पाहिजे. सीटची पाठ सपाट असेल तर टॉवेलची बेताची गुंडाळी करून त्या जागी घट्ट बांधावी. मांडीची मागील बाजू व सीटची पुढची कड यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहील असे बसावे.

५) स्टिअरिंग : हात स्टिअरिंगवर ठेवले असता खांदे उचललेले नसावेत आणि कोपरात बाक असावा. स्टिअरिंग वरखाली करण्याची सोय असल्यास ते सीट बसविल्यानंतरच जुळवावे.

शेवटी सीटचा खटका पूर्ण अडकला आहे की नाही हे ती जोराने हलवून पाहावे. ट्रॅक्टर चालू असताना सीट कधीही सरकवू नये. ब्रेक दाबताना सीट अचानक मागे गेली तर अपघात अटळ आहे.

गादीवर गादी नको

सीट टणक लागते म्हणून तीवर पोते, गोधडी किंवा जाड फोम टाकण्याची पद्धत आहे. त्यामुळे बसायला मऊ वाटते, परंतु मऊ फोम हळू लयीचे हादरे कमी करण्याऐवजी वाढवू शकतो. शिवाय उंची बदलून पेडल दूर जातात व उतारावर चालक घसरतो. गादी फाटली असेल तर त्याच मापाची नवीन बसवावी.

नांगरटीत विशेष काळजी

नांगरताना एका बाजूची चाके तासात चालतात. तास २० सें.मी. खोल आणि दोन चाकांतील अंतर १३० सें.मी. धरले तर ट्रॅक्टर सुमारे ९ अंशांनी कलतो. साध्या नांगराने चालकाची कंबर दिवसभर एकाच बाजूला वाकलेली राहते. पलटी नांगरात कल दर फेरीला बदलतो, त्यामुळे ताण वाटला जातो. त्यातच अवजार पाहण्यासाठी चालक वारंवार मागे वळतो. हादरे आणि पीळ एकत्र आले की मणक्याला अधिक इजा होते. यासाठी दोन्ही बाजूंना आरसे लावावेत, मागे पाहायचे तेव्हा केवळ मान न वळविता खांदे व कंबरही सोबत वळवावी आणि शक्य तेव्हा वेग कमी करून पाहावे.

आणखी काही सूचना

टायरमध्ये हवा पुस्तिकेत दिलेल्या दाबानुसारच ठेवावी. रस्त्यावरील वाहतुकीसाठी भरलेली जादा हवा शेतात हादरे वाढविते. बांध, पाट व खड्डे सावकाश ओलांडावेत. दर दीड-दोन तासांनी ट्रॅक्टर थांबवून ५ मिनिटे चालावे. उतरताना उडी मारू नये. हादऱ्यांनी थकलेल्या मणक्याला तो झटका बाधतो. तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून, हाताने धरून पायरीपायरीने उतरावे. उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट ट्रॅक्टरला असेल तर सीटबेल्ट जरूर लावावा. चौकट नसेल तर बेल्ट बांधू नये. पाय बधिर होणे किंवा कळ मांडीतून खाली उतरणे अशी लक्षणे असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नवीन ट्रॅक्टर घेताना शोरूममध्ये प्रत्यक्ष सीटवर बसून क्लच, ब्रेक व हायड्रॉलिकचे लिव्हर हाताळून पाहावेत. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर परीक्षण अहवालात आवाज व कंपनाची मोजमापेही दिलेली असतात. विक्रेत्याकडे त्या अहवालाची मागणी करावी.

ट्रॅक्टर एकापेक्षा अधिक जण चालवीत असतील तर प्रत्येकाची जागा सरकपट्टीवर व वजनाच्या नॉबवर वेगवेगळ्या रंगाच्या ठिपक्याने दाखवून ठेवावी. मग बदल करण्यास एक मिनिटही लागत नाही. चालक पगारी असो वा घरचा, सकाळी डिझेल, ऑईल व पाणी तपासण्याबरोबर सीटही तपासण्याची सवय लावावी. इंजिन खराब झाले तर दुरुस्त होते, पाहिजे तर बदलताही येते. कंबर बदलता येत नाही, म्हणून पुढील हंगामाची नांगरट सुरू होण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे.