उंदीरनाशकापासून वस्तीवरील कुत्र्या-मांजरांना जपा

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले, संगमनेर, राहुरी भागातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. तेथील शेतवस्तीवर कुत्रा हा घरचा राखणदार असतो. कांदाचाळ व धान्याच्या कोठीजवळ मांजर उंदरांवर वचक ठेवते. मात्र उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष अनेकदा हीच जनावरे खातात. भरडा, गूळ आणि गोडेतेल उंदरांइतकेच कुत्र्यालाही आवडते.

विष कोणते, त्यावर उपचार ठरतो

• झिंक फॉस्फाईड (काळपट करडी पावडर) : पोटातील आम्लाशी संयोग होऊन विषारी फॉस्फीन वायू तयार होतो. बहुतेक वेळा १५ मिनिटे ते ४ तासांत उलट्या, पोटफुगी, धाप व झटके दिसतात. यावर नेमका उतारा नाही. लक्षणांनुसार तातडीने उपचार करावे लागतात.

• ब्रोमॅडिओलोन (तयार वड्या) : रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. पहिले ३ ते ५ दिवस जनावर ठणठणीत दिसते. नंतर हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शेणातून रक्त येते, दम लागतो. जीवनसत्त्व के-१ हा यावरील उतारा असून तो काही आठवडे द्यावा लागतो. त्यामुळे वडी खाताना दिसल्यास लक्षणांची वाट पाहू नये.

पहिल्या तासात काय करावे?

• दूध, तूप किंवा भाकरी देऊ नये. अन्नामुळे पोटात आम्ल वाढते आणि झिंक फॉस्फाईडचा वायू जास्त तयार होतो.
• मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. ते फुप्फुसात जाण्याचा व मिठाची बाधा होण्याचा धोका असतो.
• विषाचे पाकीट सोबत घेऊन पशुवैद्यकाकडे जावे किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधावा.
• वाहनाच्या काचा उघड्या ठेवाव्यात. उलटीतून निघणारा वायू माणसालाही घातक असतो.

आमिष ठेवताना

• आदल्या दिवशी सर्व बिळे बुजवावीत. दुसऱ्या दिवशी उकरलेल्या बिळांतच आमिष वापरावे.
• आमिष कागदाच्या पुडीत बांधून बिळात खोल सरकवावे व तोंड मातीने बंद करावे. बांधावर किंवा चाळीत उघडे ठेवू नये.
• त्या दिवसांत कुत्रे बांधून व मांजर घरात ठेवावे.
• मेलेले उंदीर रोज हातमोजे घालून गोळा करावेत आणि खोल पुरावेत. असे उंदीर खाऊन मांजर व घुबड दगावू शकतात.
• चाळीत व घरात शक्यतो पिंजरे वापरावेत.

नवीन पिल्लू आणताना

पिल्लू दिसेल ते तोंडात घालते. त्यामुळे ते आणण्याआधी कीटकनाशके, उरलेले आमिष आणि बीजप्रक्रिया केलेले बियाणे कुलूपबंद करावे. फवारणी पंप धुतलेले पाणी पिण्याच्या भांड्यापासून दूर टाकावे. जनावरांच्या गोचिडांसाठीचे औषध पिल्लावर किंवा मांजरावर परस्पर वापरू नये. सायपरमेथ्रीनसारखी औषधे मांजराला विशेष घातक ठरतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

सहायक कृषी अधिकाऱ्यांनी उंदीर नियंत्रण मोहिमेची तारीख गावात आधीच कळवावी. त्यामुळे शेजारच्या वस्तीवरील कुत्रीही वेळेत बांधली जातील.