साबणाची वडी आणि सिलिकॉनचा स्फटिक

दाब मोजणाऱ्या अनेक इलेक्ट्रॉनिक संवेदकांत सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. तो छिन्नीने नव्हे, रसायनाने कोरता येतो. सिलिकॉनच्या चकतीवर संरक्षक थर देऊन त्यात चौकोनी खिडकी ठेवतात आणि चकती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात बुडवतात. खिडकीखाली पडणारा खड्डा वाटीसारखा गोल नसतो. पुरेसा वेळ दिल्यास तो उलट्या पिरॅमिडचा आकार घेतो.

याचे कारण अणूंच्या मांडणीत आहे. विल्यम मिलर यांच्या १८३९ च्या अंकनपद्धतीनुसार अशा चकतीचा पृष्ठभाग म्हणजे (१००) प्रतल; ते झपाट्याने झिजते. (१११) प्रतलावरील अणू आतून तीन बंधांनी जखडलेला असल्याने ते फार सावकाश झिजते. खड्ड्याचे चार उतार याच प्रतलांचे असतात.

फळ्यावरील आकृतीने हे मुलांना उमगत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून साबणाच्या वडीचा घन कापावा. त्याची सहा पृष्ठे (१००) गटातील. आठही कोपरे सारखे तासावेत. उघडी पडणारी त्रिकोणी पृष्ठे (१११) गटातील. तासत गेल्यास शेवटी अष्टफलक उरतो. तो टोकावर उभा धरून मधोमध आडवा कापला, की खालचा अर्धा भाग म्हणजे त्या खड्ड्याचा साचाच! उतार सुमारे ५४.७ अंशांचा, म्हणून १०० मायक्रोमीटर रुंद खिडकीखाली खड्डा सुमारे ७१ मायक्रोमीटर खोल जातो. साच्याच्या वरच्या चौकोनाच्या बाजू मूळ घनाच्या कडांना नव्हे, तर पृष्ठाच्या कर्णांना समांतर असतात. खिडकीही तशीच आखावी लागते. तिरपी आखल्यास खड्डा थराखाली पसरतो.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रोमे द लील यांनी भाजलेल्या मातीच्या आणि विणकराचे पुत्र असलेल्या आउई यांनी लाकडाच्या प्रतिकृती वापरून स्फटिकशास्त्र मांडले. आपल्याकडे माती, लाकूड, चामडे जाणणाऱ्या हातांना विद्येची दारे बंद होती आणि विद्यावंतांना हातकामाचा विटाळ होता. जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. हात आणि बुद्धी यांची ती फारकत वर्गात मोडली पाहिजे.

तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे. येऊन स्वतः पाहा, असे तो सांगतो. विज्ञानही तेच सांगते. सुतारकाम वा अभियांत्रिकी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी लाकडी प्रतिकृतींचा एक संच शाळेला करून द्यावा, ही विनंती. जय भीम!